बोट तर सारखीच, मग मी मागे का?

शिडाच्या बोटींच्या रेसिंगचा सीझन तोंडावर आला की पत्रांचा ढीग लागतो, या वेळीही तसंच. सगळी घेता येणार नाहीत, सहा घेतली. नावं मुद्दाम काढून टाकलीयत, कारण आपल्या फ्लीट (एकत्र रेस करणाऱ्या बोटींचे गट) एवढ्या छोट्या असतात की कोण कोणाबद्दल रडतंय ते दोन ओळींत कळतं.

प्रश्न : दोन वर्षं आयएलसीए ६ (एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट) चालवतोय. बोट सगळ्यांची एकच, शीडही फार जुनं नाही, तरी मी कायम शेवटच्या तिघांत. नवीन शीड घेऊन टाकू का?

नको. निदान आत्ताच नको.

वन-डिझाइनची, म्हणजे सगळ्यांची बोट एकसारखी असलेल्या रेसिंगची, भानगडच ही आहे की त्यात लपायला जागा नाही. १८८७ साली डब्लिनमध्ये वॉटर वॅग नावाच्या एकसारख्या छोट्या बोटींची रेसिंग सुरू झाली, ती याचसाठी की जिंकणं खिशावर नाही, हातावर ठरावं. ऐकायला छान वाटतं, पण याचा दुसरा अर्थ असा की हरल्यावर बोटीला शिव्या घालता येत नाहीत. म्हणून मग आपण शिडाला घालतो.

आधी एक स्वस्तातली टेस्ट करा. पुढच्या पाचात येणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला सांगा, सरावाला दोन छोट्या रेस बोटी बदलून करू. मी स्वतः हे केलंय आणि तो माझ्या बोटीवर, माझ्याच त्या "मेलेल्या" शिडाने पहिला आला, मी त्याच्या चकचकीत बोटीवर नेहमीच्याच जागी. दोन दिवस कोणाशी बोललो नाही. पण त्यातून एक गोष्ट दिसली, त्याचा मेनशीटवरचा (शीड ओढायच्या दोरावरचा) हात सतत हलत होता, झुळूक आली की पाचसहा इंच सोड, गेली की ओढ, आणि माझा दोर मी क्लीटमध्ये (दोर धरून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवून निवांत बसलेलो.

मागे पडणाऱ्यांत मला दोनच रोग जास्त दिसतात. पहिला, अपविंडला, म्हणजे वाऱ्याकडे वर जाताना, बोट वाऱ्याच्या तोंडात फार घुसवायची. वाटतं की आपण उंच चाललोय, मार्ककडे (वळायच्या खुणेकडे) सरळ चाललोय, पण स्पीड गेला की पाण्याखालच्या डॅगरबोर्डची (उभ्या पात्याची) पकड जाते आणि बोट गुपचूप आडवी सरकायला लागते. शिडावरचे टेलटेल बघा, वाऱ्याकडच्या बाजूचा दोरा नाचायला लागला की थोडं खाली या, म्हणजे नाक वाऱ्यापासून जरा वळवा. पलीकडचा, म्हणजे लीवर्डचा नाचला तर शीड जास्त ओढलंय किंवा तुम्ही फार खाली आलात.

दुसरा रोग स्टार्ट. स्टार्टच्या आधी पाच मिनिटांना वॉर्निंगचा झेंडा, चारला प्रिपरेटरीचा (तयारीचा), एक मिनिटाला तो खाली आणि मग स्टार्ट, हे पाठ असतं सगळ्यांना. पण शून्याला लाइनवर असणं आणि शून्याला लाइनवर *पूर्ण स्पीडमध्ये* असणं यात सगळी रेस आहे. उभ्या बोटीला स्पीड घ्यायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात वरचा तुमच्या डोक्यावरून जातो आणि पुढचा अख्खा बीट (वाऱ्याकडे वर जायचा टप्पा) तुम्ही त्याच्या शिडाने नासवलेल्या हवेत काढता. तुमच्या बोटीला किती सेकंद लागतात ते एकदा घड्याळ लावून मोजा, आणि खालच्या बाजूला थोडी रिकामी जागा राखून ठेवा, स्पीड घ्यायला तीच कामी येते. हे सगळं जमल्यावरही मागे असाल तर शिडाचं बोलू.

प्रश्न : जुनी लेझर मिळतेय, हल (बोटीचं धड) बाहेरून झकास दिसतो. काय बघून घ्यावी? आणि ती आता आयएलसीए क्लासमध्ये चालते का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. बोट तीच, ब्रूस कर्बीचं डिझाइन, २०१९ मध्ये नावाचा वाद झाला आणि क्लासने, म्हणजे या बोटीच्या संघटनेने, बोटीला आयएलसीए म्हणायला सुरुवात केली. जुन्या बोटी साधारण चालतात, तरी हलवरचा नंबर आणि प्लेट क्लासच्या माणसाला दाखवा, आणि शीड, स्पार (शिडाचे दांडे), फॉइल्स (पाण्याखालची पाती) क्लासला मान्य आहेत ना ते विचारा. या क्लासमध्ये जे नियमात लिहिलेलं नाही ते करायचं नाही, एवढं सरळ आहे.

आता हल. रंग बघू नका, वजन करा. नुसता हल साधारण ५९ किलोचा असायला हवा, काटा त्याच्या बराच वर गेला तर आत पाणी आहे किंवा फोम पाणी प्यायलाय. मागचा ड्रेन प्लग काढून बोट नाकाकडून उचला, धार लागली तर विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा. मग डेकवर अंगठ्याने दाबत दाबत जा, खास करून कॉकपिटच्या कडेला जिथे आपण बसून बसून वजन देतो तिथे, मऊ लागलं किंवा करकर आवाज आला तर आतलं सुटलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मास्ट (शिडाचा खांब) जिथे उभा राहतो ते भोक. त्यात काठोकाठ पाणी भरा, पातळीला पेन्सिलची खूण करा आणि अर्धा तास दुसरं काहीतरी बघा. पातळी उतरली की समजायचं पाणी हलमध्ये जातंय. हे भोक कमजोर असेल तर जोराच्या वाऱ्यात मास्ट डेक फाडून बाहेर येतो, आणि तो दिवस नेमका किनाऱ्यापासून लांब असतानाचाच असतो. गळती दुरुस्त होते, पण किंमत ठरवायच्या आधी कळलेली बरी.

प्रश्न : अपविंड मार्कला मी पोर्टवरून (वारा डावीकडून घेत) आलो, मार्कच्या अगदी जवळ टॅक करून (नाक वाऱ्यातून फिरवून) आत घुसलो. मागून स्टारबोर्डवाला (वारा उजवीकडून घेणारा) बोंबलत आला. धक्का लागलाच नाही, मग माझी चूक कशी? तो अजून बोलत नाही माझ्याशी.

धक्का लागला नाही कारण त्याने वाचवला. मार्क डावीकडे ठेवून जायचा असेल, तुम्ही झोनच्या आत पोर्टवरून स्टारबोर्डवर टॅक केलीत, आणि तो झोनमध्ये शिरल्यापासून स्टारबोर्डवरच होता, तर धक्का टाळायला त्याला क्लोज-हॉल्डच्या (वाऱ्याच्या जवळात जवळ चालता येतं त्या दिशेच्या) वर जावं लागता कामा नये. गेला वर, तर चूक तुमची. झोन म्हणजे तीन बोटींची लांबी, आयएलसीए ४.२३ मीटरची, म्हणजे साधारण १२.७ मीटर. पाण्यावर हे अंतर वाटतं त्यापेक्षा लवकर संपतं.

अशा वेळी लगेच बाजूला होऊन दोन गिरक्या घ्यायच्या, दोन्ही एकाच दिशेने, प्रत्येकीत एक टॅक एक जाइब (शेपूट वाऱ्यातून फिरवणं). रेसच्या सूचनांमध्ये काही वेगळं असेल तर ते. नुसत्या मार्कला लागलात तर एक गिरकी पुरते. आणि त्यालाही सांगा की "स्टारबोर्ड! स्टारबोर्ड!" ओरडणं म्हणजे प्रोटेस्ट (नियम मोडल्याची तक्रार) नाही, "प्रोटेस्ट" हा शब्द लगेच उच्चारावा लागतो. ६ मीटरपेक्षा छोट्या बोटीला लाल झेंडा लागत नाही, पण लेखी अर्ज वेळेत द्यावा लागतो, सूचनांत काही दिलं नसेल तर शेवटची बोट आल्यापासून दोन तास. ते न करता आठवडाभर तोंड फुगवून बसणं नियमात कुठे बसत नाही.

पुढच्या वेळी स्टारबोर्डची रांग लागलेली दिसली की मार्कच्या आधी सहासात लांबीवरच कोणाच्या तरी मागून जाऊन टॅक करा. एकदोन बोटी पुढे जातील. गिरक्यांत दहा जातात.

प्रश्न : नवीन नियमात आमच्यासारख्यांना माहीत हवं असं काय आहे?

नियमपुस्तक दर चार वर्षांनी बदलतं, सध्याचं १ जानेवारी २०२५ पासूनचं, २०२८ पर्यंत. प्रोटेस्ट-सुनावणीचा भाग नव्याने लिहिलाय, तो कमिटीवाल्यांनी वाचावा. तुमच्या कामाचा बदल नियम १४ मध्ये आहे. आधी स्वतः धक्का टाळा एवढंच होतं, आता तुमच्यामुळे *दुसऱ्या* दोन बोटी एकमेकींवर आदळू नयेत हेही त्यात आलंय. म्हणजे पोर्टवरून रांगेत घुसायचं, आपण सुखरूप सुटायचं आणि मागे दोघं भिडली तर खांदे उडवायचे, हे आता चालणार नाही. आणि अजूनही बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून सांगतो, स्टार्ट आणि फिनिशला २०२१ पासून फक्त हल धरला जातो. लाइनच्या पुढे काढलेला हात, बूम (शिडाच्या खालचा दांडा), काही मोजत नाहीत.

प्रश्न : काका, मी यंदा ऑप्टिमिस्टमधून (लहान मुलांच्या बोटीतून) बाहेर पडले. वजन ४८ किलो. सगळे म्हणतात थेट आयएलसीए ६ घे, उगाच दोनदा खर्च कशाला?

सगळ्यांना हाइक करायला (तोल धरायला अंग बोटीबाहेर झुकवायला) तुझ्या जागी बसव. ६ चं शीड ५.७६ चौरस मीटर, ४ चं ४.७, आणि हल तोच, म्हणजे नंतर खालचा मास्ट आणि शीड बदललं की झालं, बोट विकावी लागत नाही. ४८ किलोला जोराच्या वाऱ्यात ६ वर तू रेस करणार नाहीस, नुसती तग धरशील आणि वर्षभरात कंटाळशील, असं झालेली मुलं मी पाहिलीयत. ४ घे. नाहीतर ४२० वर (दोघांच्या बोटीवर) क्रू म्हणून जा, ट्रॅपीझवर (मास्टवरच्या तारेला) लटकायला मजा येते आणि स्पिनाकर (पुढचं फुगीर शीड) शिकशील ते वेगळं.

प्रश्न : आमच्या फ्लीटमध्ये वीस बोटी यायच्या, आता सात. काय करावं?

येणाऱ्या सातांची मीटिंग घेऊ नका, न येणाऱ्या तेरांना फोन करा. माझा अंदाज आहे की त्यातले बरेच मागे राहणारे असतील. तासभराची एक लांब रेस, पहिला येऊन बोट धुवून मोकळा आणि शेवटचा अजून खालच्या मार्कला एकटाच, असं चार वेळा झालं की माणूस येत नाही, आणि कारण विचारलं तर "कामं असतात" म्हणतो. वीसेक मिनिटांच्या चारपाच रेस ठेवा. दर वेळी नवी स्टार्ट, शेवटच्यालाही पुन्हा सगळ्यांबरोबर उभं राहायला मिळतं. सीरिजमध्ये न आलेल्या रेसला एकूण एन्ट्रीपेक्षा एक जास्त पॉइंट पडतात (इथे कमी पॉइंटवाला पुढे), दोन रविवार चुकले की माणूस तिसराही सोडतो, त्यामुळे बेरजेतून वगळायचे वाईट निकाल वाढवा. मुळात एकच वगळतात पण सूचनांमध्ये बदलता येतं. जिंकणाऱ्याने रेसनंतर दहा मिनिटं आपली बोट उघडी ठेवून सेटिंग दाखवायचं, व्हँग किती, आउटहॉल किती (शिडाचा आकार बदलणारे दोर), सगळं. वन-डिझाइनमध्ये गुपितं ठेवून फारसं काही मिळत नाही, उलट आपल्याशी लढायला माणसंच उरत नाहीत. शेजारच्या फ्लीटशी बोलून तारखा लावा, एकाच रविवारी दोन्हीकडे रेस ठेवून निम्मे निम्मे येतात हे दर वर्षी होतं आणि दर वर्षी सगळ्यांना आश्चर्य वाटतं. आणि एक बोट क्लबची म्हणून तयार ठेवा, शिडासकट, कोणीही येऊन चालवावी अशी. तिचा ड्रेन प्लग मात्र कोणाच्या तरी खिशात जाणार, त्यामुळे दोन आणून ठेवा.