मशीन लावायलोय, पण झोप येईना

"डॉक्टर म्हणले मशीन लावा, झोप लागेल. मशीन लावायलोय, पण झोप येईना." लातूर, धाराशिव, नांदेडकडून येणाऱ्या माणसांच्या तोंडून हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढचंही पाठ झालंय. स्लीप स्टडी झालेली असते, ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचं निदान पक्कं असतं, मास्कमधून हवेचा दाब देणारी हजारो रुपयांची सीपॅप मशीन उशाशी असते आणि मध्यरात्रीपर्यंत मास्क निघून पलंगाखाली गेलेला असतो. घरचे म्हणतात पैसे पाण्यात गेले. पेशंट म्हणतो, मशीनच खराब आहे.

बहुतेक वेळा मशीन ठीक असते. तिच्याकडून जे काम मागितलं जातं ते तिचं नसतं, एवढंच.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ॲप्नियात ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की मेंदू दचकून अर्धवट जागा होतो आणि श्वास परत सुरू करतो. तासाला असे अडथळे किती, हा आकडा म्हणजे एएचआय. पाचच्या आत ठीक, तीसच्या वर गंभीर. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये दाखवलं की नाकातून हवेचा सतत दाब दिला तर घसा उघडा राहतो. सीपॅप तेवढंच करते, घसा उघडा ठेवते. झोप आणणं तिच्या हातात नाही.

निद्रानाश हा वेगळा आजार. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, हे १९७३ मध्येच झोपेचे संशोधक गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं. ॲप्नियाच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण तीन ते पाच जणांची झोप लागत नाही किंवा टिकत नाही, अशीही तक्रार असते. मधूनच जाग येण्याची तक्रार बऱ्याच जणांत मशीननं कमी होते, कारण जाग आणणारा अडथळाच जातो. पण सुरुवातीला झोपच लागत नाही, ही तक्रार असलेला माणूस मशीन लावूनही जागाच राहतो, आणि आता तर तोंडावर मास्क घेऊन जागा राहतो.

पुढची हकिगत दोन-तीन जणांची मिळून एक केलेली आहे, ओळखीचे तपशील बदलले आहेत. लातूरच्या मोंढ्यातले आडते, वय चोपन्न. मशीनशिवाय एएचआय ३४, मशीनवर २.८. म्हणजे उपचार उत्तम लागू पडलेला. पण मशीनमधल्या नोंदीप्रमाणे वापर सरासरी रोज दोन तास दहा मिनिटं. सोबत त्यांची बायको आलेली.

"मास्क किती वाजता लावता?"

"नऊला. जेवण झालं की."

"आणि काढता?"

"अकरा, सव्वाअकरा. तोवर छताकडं बघत पडायचं. मग वैताग येतो, काढून टाकतो."

"नऊला झोप आलेली असते का?"

"झोप कशाला यायला पाहिजे? डॉक्टर म्हणले रोज सहा-सात तास लागली पाहिजे. म्हणून लवकर लावायलोय."

हिशोबी माणसाचा हिशोब होता. औषधाचा डोस भरून काढावा तसे ते मशीनचे तास भरत होते. मास्कची त्यांच्या शरीराला एकच ओळख पटली होती: हा तोंडावर आला की दोन तास तळमळायचं.

मी रात्रीच्या विचारांबद्दल विचारलं. कर्ज, पोरीचं लग्न, वायद्याचे भाव, यादी निघाली. ती प्रत्येकाकडं निघते. म्हणून मी मनाच्या तळाशी खणत बसण्याआधी पलंगाचं वेळापत्रक मागते. काही सहकाऱ्यांना हे कोरडं वाटतं. माझा अनुभव असा की निद्रानाशात माणूस विचारांमुळे जागा राहतो त्याहून जास्त वेळा जागा राहतो म्हणून विचार करतो.

इतका वेळ गप्प बसलेल्या बाई तेव्हा बोलल्या. "मालकांना दुकानात तर चांगली लागती की."

"दुकानात?"

ते ओशाळले. "दुपारी गिऱ्हाईक नसतंय. दोन ते साडेतीन. लोडाला टेकलं की लागते."

"किती वेळात?"

"पेपर चाळता चाळता. हमाल ओरडायलेत, काट्यावर पोती आदळायलीत, तरी जाग नाही."

"तिथं झोपायला बसता का?"

"छे. हिशोब बघायला बसतो."

"आणि पलंगावर?"

"पलंगावर झोपायलाच जातो की." एवढं बोलून ते थांबले. बायकोकडं बघितलं, परत माझ्याकडं. "म्हणजे मी झोपायला गेलो की झोप पळती?"

हे वाक्य मी त्यांना सांगितलं असतं तर मान हलवून घरी गेले असते. त्यांनी स्वतः जुळवलं म्हणून पुढचे दोन कष्टाचे महिने निभले. मला त्या दुपारच्या डुलकीत तीन गोष्टी दिसत होत्या. एक, यांच्या शरीराला झोपता येतं, ते बिघडलेलं नाही. दोन, घरचा पलंग आता झोपेची जागा राहिलेला नाही, तो आखाडा झालाय. तीन, दुकानातल्या गादीवरची दीड तासाची झोप रात्रीच्या खात्यातून उचल घेत होती. शिवाय ती मास्कशिवायची, म्हणजे तेवढा वेळ घसा बंद पडतच होता. तिसरी गोष्ट आडत्याला समजावून सांगावी लागत नाही. "दिवसा उचल घेतली तर रात्री शिल्लक कुठून राहणार," असं तेच म्हणाले.

आधी दोन आठवडे वही. सकाळी उठल्यावर अंदाजानं लिहायचं: पलंगावर कधी गेलो, झोप साधारण कधी लागली, किती वेळ जागा होतो, कधी उठलो, दिवसा किती झोपलो. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, घड्याळ भिंतीकडं तोंड करून ठेवायचं. वहीतून निघालं ते असं: रात्री नऊ ते सकाळी सहा, नऊ तास पलंगावर. त्यात झोप सरासरी चार तास पन्नास मिनिटं. शंभरातले चोपन्न टक्के झोपेचे, बाकी तळमळीचे.

यावरचा उपाय ऐकून माणसं दचकतात. पलंगावरचा वेळ वाढवायचा नाही, कापायचा. जेवढी झोप प्रत्यक्ष होते तेवढाच वेळ पलंग, पण ॲप्निया असलेल्याला साडेपाच तासांच्या खाली मी नेत नाही. त्यांना रात्री बारा ते सकाळी साडेपाच दिले. उठण्याची वेळ पक्की, रविवार असो की लग्नघर. दुपारची डुलकी बंद. बाई म्हणाल्या, "आधीच झोप नाही, त्यात तुम्ही जागवायलात?" रास्त शंका. पण भूक लागण्याआधी ताटावर बसवलं की जेवण जात नाही, आणि नऊ वाजता यांना झोपेची भूकच नसायची.

नियम एकच, पण दोन्ही बाजूंनी पाळायचा. डोळे मिटायला लागल्याशिवाय मास्क नाही आणि मास्कशिवाय झोप नाही. पडल्यावर साधारण वीस मिनिटं गेली असं वाटलं की मशीन बंद करून उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं. मोबाईल नाही, टीव्ही नाही. जुना दिवाळी अंक चालेल, जपमाळ चालेल. पेंग आली की परत येऊन मास्क. एका रात्रीत चार वेळा उठावं लागलं तरी चालेल. लघवीला उठताना अख्खा मास्क काढू नका. बऱ्याच मास्कची नळी पुढून सुटते, तेवढी काढून जा. अनेकांना रात्री तीन-चारदा लघवीला उठवणारा मुळात ॲप्नियाच असतो, मशीन नीट लागली की ते फेरे कमी होतात. साखर तपासून घ्याच, पण सगळा दोष तिलाच देऊ नका.

मास्कची भीती दिवसा घालवायची. पहिले दोन-तीन दिवस मशीन न जोडता मास्क नुसता हातानं तोंडावर पाच मिनिटं. मग पट्टे लावून. मग मशीन चालू करून, खुर्चीत बसून, टीव्हीवर कीर्तन बघत पंधरा-वीस मिनिटं. मग आडवं होऊन. अर्धा तास कंटाळवाणा वाटेपर्यंत हेच. मास्क कंटाळवाणा वाटला की काम झालं. हा सराव पलंगावर करायचा नाही आणि त्यात डोळा लागू द्यायचा नाही.

यंत्राच्या तक्रारींत मी शिरते, आणि समुपदेशकांनी शिरावंच असं मला वाटतं. "मन तयार नाही" असं लेबल लावलेल्या निम्म्या तक्रारी पट्ट्याच्या निघतात. यांच्या मिशा झुपकेदार. पूर्ण तोंडाच्या मास्कच्या बाजूच्या कडा मिशीवर टेकायच्या, तिथून हवा गळायची. ते पट्टे आवळायचे, तशी गळती वाढायची, कारण आवळल्यावर सिलिकॉनची गादी चुरगळते आणि चिकटून बसत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत इतकाच ताण ठेवायचा आणि मास्क बसवताना आडवं होऊन, मशीन चालू करून बसवायचा. बसल्यावर आणि निजल्यावर चेहऱ्याचा आकार सारखा राहत नाही. मिशी काढण्याचा विषय मी काढला नाही. मोंढ्यात त्या मिशीची पत आहे. नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मिळतो, त्यांचं नाक मोकळं होतं आणि तोंड बंद राहत होतं, म्हणून तो चालला. सकाळी तोंडाला कोरड पडत असेल तर हवा तोंडातून निसटतेय, मग हा मास्क चालत नाही.

"श्वास कोंडतो," ही दुसरी तक्रार. दाब जास्त होत असेल असं सगळ्यांना वाटतं. पुष्कळदा उलटं असतं. सुरुवातीचा दाब चार असतो, धिप्पाड माणसाला तेवढी हवा पुरत नाही. डॉक्टरांना विचारून टेक्निशियनकडून तो सहा करून घेतला आणि कोंडमारा गेला. आकडे स्वतः बदलू नका.

पाण्याच्या डब्यात बोअरचं पाणी घालू नका, आठवड्यात पांढरा थर बसतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या, उरलेलं रोज सकाळी ओता. नळीत गुळगुळ आवाज येत असेल तर ते एसी-कूलरच्या गार हवेनं साचलेलं पाणी. नळीला सुती कापड गुंडाळा आणि ओलावा एक आकडा कमी करा. लाईट जाते त्या गावात मशीन इन्व्हर्टरवर घ्या, आणि लाईट गेल्यावर पाणी तापवणं बंद ठेवा, वीज मुख्यतः तेच खातं. उन्हाळ्यात माळवदावर झोपायची सवय असेल तर मशीनसाठी वर एक प्लग काढून घ्या. मास्कशिवाय माळवद नाही.

गोळीचा विषय त्यांनी तिसऱ्या भेटीत काढला. झोपेसाठी मेडिकलवाल्याकडून आणलेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी, गेली दोन वर्षं. या जातीच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करू शकतात आणि श्वास अडकल्यावर येणारी जागही बोथट करतात. दारूचंही तसंच. पण दोन वर्षांची गोळी एका रात्रीत सोडायची नाही, झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. मी त्यांना डॉक्टरांकडं परत पाठवलं, त्यांनी ती टप्प्याटप्प्यानं कमी केली. संध्याकाळी सहानंतरचा चहा आणि झोपण्याआधीची तंबाखूची चिमूट या दोन गोष्टी मात्र आमच्यातच मिटल्या. चिमूट जास्त भांडली.

पहिला आठवडा वाईट गेला, तो जातोच. पेंग येते, चिडचिड होते. स्कूटर पोराच्या ताब्यात द्यायला लावली. ट्रकचालक, रात्रपाळीवाले, फिट येणारे किंवा बायपोलरचा आजार असलेले यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पहिल्या आठवड्याअखेर साडेपाच तासांत चार तास चाळीस मिनिटं झोप, दुसऱ्यात चार पन्नास. म्हणजे झोपेचे तास होते तेवढेच, पण आता चोपन्नच्या जागी अठ्ठ्याऐंशी टक्के, आणि सगळे मास्कखालचे. आठवड्याची सरासरी पंच्याऐंशीच्या वर गेली की पंधरा मिनिटं बक्षीस: बाराऐवजी पावणेबारा. ऐंशी ते पंच्याऐंशी असेल तर आहे तिथंच थांबायचं, त्याखाली गेली तर पंधरा मिनिटं परत कापायची. मध्ये एका लग्नात दोन रात्री गेल्या, तो आठवडा पुढं सरकलो नाही. सातव्या आठवड्यात ते अकरा ते साडेपाचवर होते, झोप पाच तास पन्नास मिनिटं, मशीनचा वापर जवळपास तेवढाच.

आधी काय करावं, मशीन की झोपेची घडी? ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, आधी ही घडी बसवलेल्यांनी मशीन रोज सरासरी तासभर जास्त वापरली. सगळ्याच चाचण्यांत असा फरक दिसलेला नाही. मी दोन्ही बरोबर चालवते, कारण एएचआय ३४ असलेल्या माणसाला दोन महिने मशीनशिवाय ठेवायची माझी तयारी नसते. आणि मास्क लावूनही मशीनवरचा आकडा पाचच्या वर राहत असेल तर समुपदेशन थांबवून आधी झोपेच्या डॉक्टरांकडं.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "सोयाबीनचा हंगाम आला की आडतीवरच रात्रीचे साडेअकरा वाजतात. मग कसं करायचं?"

"मग पलंगावर बाराला. उठायचं साडेपाचलाच. आणि दुपारी गादीवर..."

"लोड काढलाय तिथला," बाई म्हणाल्या. "मुनीमजींना दिला. आता ते घोरायलेत."