चार मीटर, साडेसत्तावीस हजार आणि माळशेजचा चढ

जुन्नर तालुक्यातल्या एका दादांचा प्रश्न आलाय, आधी तो थोडक्यात सांगतो. २०१९ची दीड टनी डिझेल पिकअप, सेकंडहँड घेतलेली, हप्ता ११,४०० आणि अजून २२ महिने बाकी. नारायणगावात टोमॅटोचे क्रेट भरायचे, रात्री वाशी मार्केट गाठायचं, येताना भिवंडीतून मिळेल तो परतीचा माल, महिन्याला अशा १४-१५ फेऱ्या. गेल्या मे महिन्यात गाडी हीट झाली, हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) उडालं, हेडला फेस मारावा लागला म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करावा लागला, बिल ३८,००० आणि गाडी नऊ दिवस उभी. आता एक ॲक्सेसरीवाला म्हणतोय की चार मीटरचा सेट बसवून देतो, पाण्याचं टेंपरेचर, ऑइल प्रेशर, टर्बोचं बूस्ट म्हणजे तो इंजिनात ढकलतो त्या हवेचं प्रेशर आणि चौथा ईजीटी म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या गॅसचं टेंपरेचर, काचेच्या बाजूच्या खांबावर म्हणजे पिलरवर मीटरचा पॉड (खोका) बसवून सगळं मिळून २७,५००, क्रेडिट कार्डावर १२ हप्त्यात. बँकेत ४१,००० आहेत, सोनं गहाण टाकून घेतलेले ६०,००० फेडायचे बाकी आहेत, घरखर्च महिन्याला १५,०००. तर घेऊ का, असं विचारतायत.

दादा, घ्या, पण चार नाही दोनच घ्या आणि कार्डावर अजिबात नको. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

तुमच्या मेसेजमध्ये एक ओळ होती ती तुम्ही सहज लिहिली असेल पण सगळा हिशोब तिच्यावरच फिरतो. गाडी हीट कुठे झाली, तर टोकावड्याच्या पुढे माळशेज चढताना, दुपारी, मागे भिवंडीहून घेतलेली पशुखाद्याची पोती, तुमच्याच शब्दात "दोन टनाच्या आसपास". म्हणजे टोमॅटो घेऊन जाताना नाही. जाताना तर ओतूर, मढ करत तुम्ही माळशेज उतरता, रात्रीची थंड हवा, इंजिनाला काही कामच नाही, गियरमध्ये गाडी सोडली की डिझेलसुद्धा जवळजवळ बंद होतं. भरलेली गाडी उतरताना गरम होतात ते ब्रेक, आणि ब्रेकचा मीटर त्या चारात कुठेच नाही. इंजिनाची खरी परीक्षा परतीच्या चढावर होते. म्हणजे महिन्याच्या १५ फेऱ्यांत जेवढ्यांना परतीचा जड माल मिळतो तेवढेच चढ धोक्याचे, तुम्ही लिहिलंय सहा-सात. या सहा-सात चढांसाठी किती पैसे घालायचे एवढाच प्रश्न आहे.

आता ते ईजीटी आणि बूस्ट. हे मीटर मुळात ज्या लोकांचे आहेत ते अमेरिकेतले डिझेल पिकअपवाले, १९८९ला डॉज रॅममध्ये कमिन्सचं ५.९ लिटर इंजिन आलं (त्याच बी सिरीजची इंजिनं आपल्याकडे जमशेदपूरला टाटा ट्रकसाठी बनली, हे जाता जाता) आणि लोकांनी त्या गाड्यांचं ट्युनिंग करून जास्त डिझेल सोडायला सुरुवात केली, मागे चार-पाच टनांचा ट्रेलर लावून डोंगर चढायला लागले. जास्त डिझेल म्हणजे जास्त गरम गॅस, ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळायची भीती, म्हणून टर्बोच्या आधी साधारण ७०० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही असा त्यांचा नियम, आणि तो बघायला मीटर. तिथे तो लागतोच. तुमच्या गाडीचा ईसीएम, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर, कंपनीचा आहे, कोणी चिप टाकलेली नाही, मग तिथे तो मीटर शोभेचा. वर तो नीट बसवायचा तर टर्बोच्या आधी मॅनिफोल्डला (इंजिनातला जळका गॅस टर्बोकडे नेणारा पाइप) भोक पाडावं लागतं, लोखंडाचा एक कीस जरी आत राहिला तर तो थेट टर्बोच्या पात्यांवर. टर्बोच्या नंतर बसवला तर भरल्या गाडीला काटा खऱ्यापेक्षा १००-२०० डिग्री कमी दाखवणार. बूस्टचा मीटर तुम्हाला काय सांगेल, तर टर्बोचा होज फाटला, आणि ते तर गाडी ओढत नाही आणि मागे काळा धूर सोडते यावरूनही कळतंच की. रील बघून मन होतं, मला कळतंय, पिलरवर रात्री निळे काटे झळकले की गाडी विमानासारखी वाटते. पण हे दोघं काढून टाका.

राहिले पाणी आणि ऑइल. यांच्या बाजूने मी आहे, कारण कंपनीचा डॅशबोर्ड तुम्हाला खरं सांगतच नाही. बऱ्याच गाड्यांत टेंपरेचरचा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की ८५ असो की १००, तो आपला मध्यावर उभा, आणि हलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. ऑइलचं तर त्याहून वाईट, तिथे मीटरच नाही, फक्त लाल दिवा, आणि तो दिवा लागतो प्रेशर जवळजवळ संपल्यावर. दिवा बघून गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंग खलास झालेलं असतं. ऑइल प्रेशरचा साधा अंदाज म्हणजे दर १,००० आरपीएमला निदान १० पीएसआय (प्रेशरचं माप). रोज तोच रस्ता, तोच चढ, तर महिनाभरात तुम्हाला तुमच्या गाडीचे नेहमीचे आकडे पाठ होतील आणि जरा कमी दिसलं की आधीच कळेल. फक्त मेकॅनिकल मीटर घेऊ नका, त्यात ऑइलची बारीक नळी केबिनमध्ये येते, फुटली तर गरम ऑइल पायावर, वायरवाला, इंजिनावर सेंडर (सेन्सर) बसतो तोच घ्या.

माझ्या मामाची गोष्ट सांगतो म्हणजे पुढचा मुद्दा कळेल. टेम्पो होता, खंबाटकी चढताना रेडिएटरचा खालचा होज सुटला. काटा आधी वर गेला आणि मग चक्क खाली आला. मामाला वाटलं बरं झालं, गार झाली, आणि चालवत राहिला. खरं काय झालं होतं तर पाणी सगळं वाहून गेलं होतं, सेन्सर कोरडा पडला होता, आणि कोरड्या सेन्सरला नुसती हवा लागली की तो कमीच दाखवतो. वर पोचेपर्यंत इंजिन सीज, म्हणजे जाम. म्हणून पाण्याचा मीटर घेताना सोबत कुलंट (रेडिएटरमधलं पाणी) लेव्हल कमी झाल्याचा अलार्म असलेला घ्या, किंवा हेडच्या धातूला चिकटणारा सेन्सर मिळतो तो घ्या, तो पाणी गेलं तरी खरं सांगतो. आणि बजर पाहिजेच. नुसता काटा कोण बघतंय, घाटात डोळे रस्त्यावर असतात.

आता पैशाचा हिशोब. बिल ३८,०००. गाडी नऊ दिवस उभी म्हणजे पाचेक फेऱ्या बुडाल्या, डिझेल जाऊन फेरीला २,८०० राहतात असं तुम्ही लिहिलंय, तर १४,०००. एकूण ५२,०००चा फटका. असा फटका पाच वर्षांतून एकदा बसेल असं धरू (हा अंदाज आहे, दर दोन वर्षांनी बसत असेल तर गाडीतच घोळ आहे, मीटरने काय होणार), म्हणजे वर्षाला १०,४००. मीटर असल्यावर यातले निम्मे वाचतील धरू, कारण सगळं काही मीटर वाचवत नाही, तर वर्षाला ५,२००. चार मीटरच्या सेटचे २७,५०० वसूल व्हायला पाच वर्षांच्या वर लागतील, तोवर गाडी तुमच्याकडे असेल का हे तुम्हालाच माहीत. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या कोटेशनमध्ये पाणी आणि ऑइल, बजर आणि फिटिंगसकट ७,५०० आहे, ते दीड वर्षात निघतं. बूस्ट आणि ईजीटीचे वरचे २०,००० या हिशोबात काहीच वाचवत नाहीत.

पण हे ५,२०० खरे कधी, तर बजर वाजल्यावर तुम्ही थांबलात तर. हे मी मुद्दाम विचारतोय. टोमॅटो घेऊन जाताना रात्री दोन वाजता बजर वाजला तर कोणी थांबणार नाही, पहाटे मार्केटला पोचलो नाही तर भाव पडतो, क्रेटमागे ३० रुपये गेले तरी शेतकरी पुढच्या वेळी दुसरी गाडी सांगतो. तिथे थांबण्याची किंमत मोठी आहे हे मला मान्य. पण परतीला कसली घाई? पशुखाद्य काही सडत नाही. अर्धा तास गाडी बाजूला लावली, बजर टेंपरेचरचा असेल आणि पाणी जागेवर असेल तर इंजिन लगेच बंद न करता जरा आयडलवर ठेवलं, चहा प्यायला, निघालं. थांबायला काहीच खर्च नाही आणि धोका सगळा तिथेच, म्हणून तर हा मीटर तुमच्या बाबतीत परवडतो. तुमच्याच रूटवर घाईचा माल भरून चढणारा, रिकामा उतरणारा कोणी असता तर मी वेगळं बोललो असतो. आणि हो, अधूनमधून तुमचा चुलतभाऊ गाडी चालवतो ना, त्याला आकडा सांगून ठेवा, साधारण ८५ ते ९५ ठीक, १०३ला बजर सेट, वाजला की आधी थांबायचं, तुम्हाला फोन नंतर.

आता त्या दोन टनांबद्दल बोलतोच. दीड टनाच्या गाडीत दोन टन. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वर दर जादा टनाला २,००० आहे. एकदा पकडलं की मीटरच्या सेटचे पैसे गेले, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं वजनच काढणार. अर्धा टन कमी भरला तर परतीच्या भाड्यातले किती कमी होतात ते एकदा लिहून बघा. हा सगळ्यात स्वस्त मीटर आहे, याला वायर पण लागत नाही.

कार्डाचं म्हणाल तर १६ टक्क्यांनी २७,५००चा महिन्याचा हप्ता, वर्षभर, २,४९५च्या आसपास बसतो, व्याज २,४०० च्या वर, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, प्रोसेसिंग फी वेगळी, म्हणजे तीन हजाराच्या घरात जास्तीचे. आणि रोख दिलेत तर ४१,०००मधले १३,५०० उरतात, तुमचा गाडीचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला २६,४०० लागतात, म्हणजे पंधरा दिवस. पुन्हा गाडी उभी राहिली की पुन्हा सोनं. याउलट ७,५०० रोख दिलेत तर ३३,५०० राहतात, महिनाभर तरी निभतं. गाडीचा स्वतःचा वेगळा डबा करा, प्रत्येक फेरीचे ३०० रुपये बाजूला, १५ फेऱ्यांचे ४,५००, वर्षाला ५४,०००. मागच्या मे महिन्याचा सगळा फटका त्यात बसतो, मीटर असो नसो.

टॅक्समध्ये सूट मिळेल असं तो ॲक्सेसरीवाला म्हणाला म्हणे. तुम्ही १९६१च्या कायद्यातल्या ४४एई कलमाखाली रिटर्न भरत आलाय, त्यात १२ टनांपर्यंतच्या गाडीला महिन्याला ७,५०० उत्पन्न धरतात आणि खर्च त्यातच वजा झालेला समजतात. म्हणजे मीटर लावा की सोन्याचं स्टिअरिंग लावा, टॅक्स तेवढाच. इन्शुरन्समध्ये इंजिन हीट होऊन बसलं तर काही मिळत नाही हे तुम्हाला अनुभवाने कळलंच आहे, पॉलिसीत मेकॅनिकल बिघाड येत नाही. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूला कव्हर पाहिजे असेल तर किमतीच्या ४ टक्के प्रीमियम असतो, ७,५००ला ३०० रुपये, घेतलं तरी चालेल नाही घेतलं तरी. पण वायरिंग मात्र चांगल्या वायरमनकडूनच करून घ्या, मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींची जुडी) कापायचा नाही, वेगळा फ्यूज, सप्लाय चावीवर. शॉर्ट होऊन आग लागली तर क्लेमला फाटे फुटतात.

पैसे द्यायच्या आधी अजून दोन कामं. एक, मागच्या वेळी हेडचं काम झालं पण हीट का झाली होती ते कोणी शोधलं का? तुमच्या बिलाच्या फोटोत गॅसकेट, फेसिंग, ऑइल, मजुरी आहे, थर्मोस्टॅट नाही, रेडिएटरचं झाकण नाही, होज नाही, फॅनच्या क्लचचं नाव नाही. रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि चिखल असेल तर तो आधी काढा, कुलंट अर्धं-अर्धं पाण्याबरोबर, नुसतं बोअरचं पाणी नको. हे सगळं ३,०००-४,०००च्या आत होईल आणि मला विचाराल तर मीटरच्या आधी हेच. दुसरं, ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा, हजाराच्या आत मिळतो, मोबाईलवर पाण्याचं टेंपरेचर आकड्यात दिसतं. तुमच्या गाडीवर चालतो का ते कोणाचा तरी मागून लावून बघा, दोन-तीन चढ आकडे लिहून काढा. रेडिएटर साफ केल्यावर भर दुपारी, दीड टन माल घेऊन सुद्धा आकडा ९५च्या खाली राहत असेल तर ७,५००चं काम दिवाळीपर्यंत ढकलता येईल आणि तेवढे पैसे सोन्याच्या कर्जात भरा. आणि पावसाळ्याच्या आधी ब्रेक लायनर बघून घ्या, टोमॅटो भरून उतरताना तेच लागणार आहेत.