रास्पबेरी पाय ४ वर चालणारा प्रोग्राम पाय झीरोवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ देऊन का मरतो?

सोर्स कोड तपासत बसू नका, तो ठीकच असणार. लॅपटॉपच्या उबुंटूवर ॲप्टने टाकलेल्या आर्म हार्ड-फ्लोट जीसीसीने (आर्म प्रोसेसरसाठी कोड बनवणाऱ्या कंपायलरने) बनवलेली फाइल पाय ४ च्या ३२ बिट सिस्टिमवर चालते आणि पाय झीरो डब्ल्यूवर मेनमधला पहिला प्रिंटएफही न दाखवता कोसळते, असं तुम्ही लिहिलंय. खरी खूण तीच.

डेबियन-उबुंटूचं आर्मएचएफ (३२ बिट आर्मसाठीची हार्ड-फ्लोट आवृत्ती) प्रोसेसरचा सूचनासंच किमान आर्मव्ही७ आहे असं गृहीत धरतं. रास्पबेरी पाय ओएसचं आर्मएचएफ मात्र आर्मव्ही६ साठी बांधलेलं आहे, कारण २०१२ च्या पहिल्या पायमध्ये आणि झीरोमध्येही बीसीएम२८३५ चिप आहे आणि तिचा कोर आर्म११७६, म्हणजे आर्मव्ही६ चा. पाय ४ चा कॉर्टेक्स-ए७२ दोन्ही पचवतो, म्हणून तिथे काही कळत नाही.

आता कुणीतरी सांगेलच, कोणत्या सूचनासंचासाठी कोड बनवायचा ते ठरवणाऱ्या ‘एमआर्च’ फ्लॅगला आर्मव्ही६ द्या. दिलात की कंपायलर थंब-१ (आर्मच्या आखूड सूचनांचा जुना संच) आणि हार्ड-फ्लोटचं जमत नाही म्हणून कुरकुरेल. थंबऐवजी साध्या आर्म सूचना वापरायला सांगणारं ‘एमआर्म’ जोडलं की गप्प बसेल. फाइल बनेल, आणि झीरोवर तरीही मरेल! फ्लॅग फक्त तुमच्या कोडला लागतो. मेनच्या आधी चालणारी सीआरटी१ ही ऑब्जेक्ट फाइल आणि लिबजीसीसी ही कंपायलरची मदतनीस लायब्ररी टूलचेनसोबत (कंपायलर, लिंकर, लायब्ररी यांच्या संचासोबत) तयार येतात, त्या आर्मव्ही७ च्याच. खात्री करायची तर रीडएल्फ या बायनरी तपासायच्या कमांडला कॅपिटल ए देऊन तयार बायनरी बघा: ‘टॅग सीपीयू आर्च’समोर व्ही७ दिसेल.

तेव्हा टूलचेनच बदला. क्रॉसटूल-एनजी या टूलचेन बांधणाऱ्या प्रोग्रामने आर्मव्ही६, व्हीएफपी (आर्मचं दशांश गणिताचं हार्डवेअर), हार्ड-फ्लोट अशी बांधून घ्या. वेळ खाते, पण एकदाच. पूर्ण इमेजच हवी असेल तर बिल्डरूट या लिनक्स इमेज बनवणाऱ्या साधनात झीरोचं तयार कॉन्फिग आहे.

सिसरूटसाठी (कंपायलर ज्यातून झीरोच्या लायब्ररी आणि हेडर घेतो त्या फोल्डरसाठी) झीरोवरचं लिब आणि यूएसआर आरसिंकने आणा. त्यातल्या काही सिमलिंक स्लॅशपासून सुरू होतात आणि लॅपटॉपवर आल्यावर लॅपटॉपच्याच लायब्ररीकडे बोट दाखवतात. त्या रिलेटिव्ह करून घ्या. शिवाय टूलचेनमधलं जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) झीरोवरच्यापेक्षा नवं ठेवू नका, नाहीतर ‘जीलिबसी व्हर्जन नॉट फाउंड’ हे पुढचं दुखणं.

प्रोग्राम एक-दोन सी फाइलींचाच असेल तर मी एवढा खटाटोप करणार नाही. झीरोच्या ५१२ एमबी रॅममध्ये जीसीसी तेवढं आरामात करतं, एसएसएच करून तिथेच मेक मारा.