डुप्लेक्स ‘दुहेरी’ खरा, पण हाफ डुप्लेक्स ‘अर्ध-दुहेरी’ नव्हे

प्रश्न असा आहे : सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा स्पीड आणि डुप्लेक्स कसा सेट करायचा, याची टिपणं मराठीत लिहायची आहेत. ‘हाफ’ आणि ‘फुल डुप्लेक्स’ला ‘अर्ध-द्विदिश’ आणि ‘पूर्ण-द्विदिश’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नको. डेटा दोन्ही प्रकारांत दोन्ही दिशांनी जातो, फरक आहे तो वेळेचा. फुलमध्ये पाठवणं आणि घेणं एकदम चालतं, हाफमध्ये आळीपाळीने. ‘अर्ध’ वाचलं की वेगच निम्मा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात 100 मेगाबिटची लिंक 100चीच राहते, फक्त ती दोन्ही टोकांना वाटून वापरावी लागते.

लॅटिन ‘डुप्लेक्स’चा अर्थ दुपदरी. तंत्रज्ञानात तो तारायंत्राच्या काळापासून आहे. एकाच तारेवरून दोन्ही टोकांनी एकदम संदेश पाठवायचे, ती डुप्लेक्स पद्धत. एडिसनने 1874 मध्ये एका तारेवर चार संदेश बसवले, ते क्वाड्रुप्लेक्स. म्हणजे ‘एकदम’ हा अर्थ तेव्हापासूनच शब्दात मुरलेला आहे.

आपला ‘दुहेरी’ इथे चपखल बसतो. दुहेरी घडी, दुहेरी धागा, दुहेरी वाहतूक, सगळं त्यात येतं. अडतं ते हाफपाशी. रस्त्यावर ‘एकेरी’ म्हणजे एकाच दिशेची वाहतूक. रेल्वेच्या एकेरी मार्गावर मात्र गाड्या दोन्हीकडून धावतात आणि क्रॉसिंगला एकीला थांबावं लागतं. कोकण रेल्वेच्या प्रवाशांना हे सांगायला नको! हाफ डुप्लेक्स हा असा रेल्वेतला एकेरी. पण वाचक रस्त्यावरचाच अर्थ घेणार, म्हणून ‘एकेरी’ टाळून ‘आळीपाळीचं’ लिहावं.

हे सगळं समजावून सांगण्यापुरतं. सेटिंगचं नाव मात्र बदलू नये. इथटूल (लिनक्सवर नेटवर्क कार्डाची सेटिंग दाखवणारी आणि बदलणारी आज्ञा) चालवल्यावर स्क्रीनवर ‘डुप्लेक्स : फुल’ दिसतं, तेच टिपणात हवं. एका टोकाला ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी वेग आणि डुप्लेक्स आपसात ठरवणं) बंद करून 100-फुल फिक्स केलं आणि दुसरं टोक ऑटोवरच राहिलं, तर त्या दुसऱ्या टोकाला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही, आणि ते हाफवर जातं. लिंक चालू दिसते, पिंगही (जोडणी तपासणारा छोटा संदेश) जातो, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की रखडते. हाफच्या टोकाला लेट कोलिजन (पाठवणं बरंच पुढे गेल्यावर होणारी डेटाची टक्कर) आणि फुलच्या टोकाला सीआरसी एरर (तपासणीत बिघडलेला निघालेला डेटा) वाढत जातात. अशा वेळी टिपणात ‘डुप्लेक्स जुळत नाही’ एवढंच लिहावं, ‘द्विदिशता-विसंगती’ कुणी शोधणार नाही.