आधी पूल बघ, मग लढाई

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मोहिमेवर प्रबंध लिहायचं तू ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. सुरुवात मराठा पलटणींच्या लढायांपासून करायचा तुझा बेत आहे. माझं ऐकशील तर सॅपर्सपासून, म्हणजे पूल बांधणाऱ्या, सुरुंग लावणाऱ्या लष्करी इंजिनियर तुकड्यांपासून कर. त्यातही खडकीच्या ३ सॅपर्स अँड मायनर्सपासून. आज आपण त्यांना बॉम्बे सॅपर्स म्हणतो. लढायांची वर्णनं ढीगभर मिळतील. पण तुर्कांशी लढणारी ती ब्रिटिश-हिंदी फौज १९१६ मध्ये कुठे खचली आणि १९१७ मध्ये कशाच्या बळावर बगदादला पोचली, हे सॅपर्सच्या कामातूनच उलगडतं.

नकाशा समोर घे. बसरा ते बगदाद पक्का रस्ता नव्हता, रेल्वे नव्हती. सगळा गाळाचा सपाट मुलूख. रस्त्यावर टाकायला दगड नाही, पुलाला लाकूड नाही. भरवसा एकट्या टायग्रिस नदीचा, आणि वसंतात उत्तरेकडच्या डोंगरांतलं बर्फ वितळलं की तीही काठ सोडून पसरायची. ६ नोव्हेंबर १९१४ ला पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड फाओला उतरली, तेव्हा तिच्याबरोबर सॅपर्सची २२ वी कंपनी होती. पुढे वर्षभर फौज नदीच्या वर वर सरकत गेली. मागे मात्र बसऱ्याला जहाज लागेल असे पुरेसे धक्केही नव्हते. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफॉनला ती अडली आणि मागे फिरून टायग्रिसकाठच्या कुत गावात आली. जखमी माणसं बोटींवर आणि पडावांवर दाटीवाटीनं पडून, दिवसेंदिवस मलमपट्टीविना बसऱ्याला पोचली. या मोहिमेवरच्या चौकशी आयोगाचा १९१७ चा अहवाल सगळ्यात आधी वाच. तो वाचताना मला अजूनही संताप येतो.

कुतचा वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तिथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, हे तुला ठाऊक आहेच. सॅपर्स तिथे काय करत होते ते शोध. वेढा पडताच नदीवरचा होड्यांचा पूल तुर्कांच्या हाती जाणार असं दिसलं. तेव्हा रात्री अंधारात जाऊन सुरुंग लावून तो उडवला. मॅथ्यूज आणि स्वीट या दोन अधिकाऱ्यांची नावं पुस्तकांत मिळतात. त्यांच्याबरोबर गेलेल्या शिपायांची नावं शोधणं हे तुझं काम. आत दळण दळायला जाती हवी होती, ती विमानातून टाकली गेली. विमानाच्या इंजिनाच्या सिलिंडरपासून उखळी तोफा बनवल्या. तरी शेवटी उपासमारीनं सुमारे १३,००० जण शरण गेले. कुतचं वर्णन करताना शौर्याची विशेषणं वापरू नकोस. धान्य किती उरलं होतं ते लिही.

आता फेब्रुवारी १९१७ बघ. मधल्या काळात बसऱ्याला धक्के बांधले गेले, रूळ टाकले गेले, नदीत बोटी वाढल्या. २३ फेब्रुवारीला कुतजवळ शुमरानच्या वळणावर, भरल्या टायग्रिसमध्ये, गोळीबारात तुकड्या होड्यांनी पलीकडे गेल्या. कितीतरी होड्या मेलेल्या वल्हेकऱ्यांसह वाहून गेल्या. पण त्याच दिवशी दुपार कलेपर्यंत होड्यांचा पूल उभा राहिला आणि फौज पार झाली. ११ मार्चला बगदाद पडलं. नदी तीच होती. मागची तयारी बदलली होती, आणि माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा कणा हाच असायला हवा.

एक गोष्ट जपून कर. सॅपर्समध्ये मराठ्यांइतकेच शीख आणि मुसलमानही होते. त्यांना वगळून ही आपलीच कथा करू नकोस. आणि हे साम्राज्याचं युद्ध होतं, तेही लपवू नकोस. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे. म्हणून आपल्याकडे हिंड. साताऱ्याचं अपशिंगे गाव महायुद्धात ४६ माणसं गेल्याचं सांगतं. घाटावर आणि कोकणात अनेक गावांत किती गेले, किती परतले नाहीत, हे सांगणाऱ्या शिळा आहेत. घराघरांत विचार: पेन्शनचे कागद, पदकं, पत्रं. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि पलटण कोरलेली असते, ती आधी टिपून घे.

पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा झाला की तसाच पाठव.

तुझे,
सर