म्युनिकच्या ऑफरबद्दल विचारलंत म्हणून

म्युनिकच्या कंपनीची ऑफर हातात आहे, मुलगा दुसरीत आहे, आणि तिथल्या ऑफिसात रुळायला किती दिवस लागतात असं तुम्ही विचारलंय. ब्लू कार्ड म्हणजे इथे राहून नोकरी करण्याचा परवाना, विमा, पत्त्याची नोंदणी हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट लिहिलेलं आहे, ते परत सांगत नाही. येत्या ऑगस्टमध्ये मला इथे आठ वर्षं होतील. तुमचा प्रश्न वाचल्यापासून दोन रात्री डोक्यात तेच चाललंय, म्हणून लांबलं तरी लिहिते.

तिसऱ्या आठवड्यात टीमलीडने विचारलं, हे टेस्टिंग शुक्रवारपर्यंत होईल का? होणार नाही हे मला दिसत होतं. तरी मी म्हटलं, "हो, बघते." आपल्याकडे या "बघते"चा अर्थ समोरच्याला कळतो. तो बुधवारी येऊन हळूच चौकशी करतो, मग आपण सांगतो की जरा अडलंय, मग कोणीतरी मदतीला येतं. इथे कोणी चौकशीला आलं नाही. माझा होकार त्याने पुढे कळवला आणि त्यावर ग्राहकाला तारीखही दिली गेली. शुक्रवारी काम अर्धंच निघालं तेव्हा तो चिडला नाही, आवाजही चढवला नाही. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, "नाही म्हणाली असतीस तर मी सोमवारीच दुसरा माणूस दिला असता." घरी येऊन मी न जेवता झोपले.

"हे चूक आहे" असं इथे तोंडावर, भर मीटिंगमध्ये म्हणतात. म्हणणारा माणूस पंधरा मिनिटांनी दारात येऊन जेवायला चलतेस का विचारतो. मी कित्येक महिने त्याला निगरगट्टपणा समजत होते. कामावरचं बोलणं माणसावर नसतं, हे पटायला मला दीड वर्ष लागलं. तुम्हाला कदाचित कमी लागेल.

उशिरापर्यंत बसून छाप पाडायला जाऊ नका. इथल्या कायद्यात दिवसाला आठ तास आहेत, फार तर दहा, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत अकरा तासांची विश्रांती. मी रोज साडेसातपर्यंत बसायचे. एक दिवस बेट्रीब्सराटचे, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या मंडळाचे, एक गृहस्थ टीमलीडकडे आले आणि माझ्या तासांबद्दल त्यालाच जाब विचारला. ज्याला खूश करायला मी थांबत होते, तोच माझ्यापायी अडचणीत आला. अंगात ताप घेऊनही गेले होते एकदा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सरळ घरी जायला सांगितलं. सुट्टीवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला दिलात तर सुट्टीचे ते दिवस परत मिळतात, यावर माझा कितीतरी दिवस विश्वासच बसला नव्हता. वाढदिवसाला केक आपणच न्यायचा असतो.

एका कागदाचं मात्र सविस्तर सांगते. नोकरी सोडताना आर्बाइट्सत्सोयग्निस मिळतं, कामाचं प्रशस्तिपत्र. माझ्या पहिल्या कंपनीने लिहिलं होतं की मी "आमच्या समाधानास उतरेल असं" काम केलं. मी आनंदाने फाइलला लावलं. नव्या ऑफिसातल्या एकाने ते वाचलं आणि गप्पच झाला. या पत्रात वाईट वाटेल असं लिहायचं नाही असा दंडक आहे, त्यामुळे शेरा शब्दांत लपवलेला असतो. "सदैव आणि पूर्णतम समाधान" असेल तर पहिला नंबर, "सदैव आणि पूर्ण" असेल तर दुसरा, नुसतं "पूर्ण" म्हणजे तिसरा. आणि नुसतं "समाधान" म्हणजे चौथा, जेमतेम पास. एवढ्या दोन शब्दांसाठी मी चार महिने पत्रव्यवहार केला. दर वेळी उत्तर यायचं की विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. शेवटी बदलून मिळालं. या देशात मी चिकाटीने मागून घेतलेली ती पहिली गोष्ट. तेव्हा माझं तिसरं वर्ष चालू होतं.

ते मी काही महिने आधी शिकले असते तर, हेच मनातून जात नाही.

आम्ही आलो तेव्हा मुलगी तिसरीत बसली. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यात मुलांच्या वाटा ठरतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत रेआलशुलं, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. इथे 1 हा सर्वांत चांगला शेरा. त्याआधी हिवाळ्यात आम्हाला शाळेत बोलावलं होतं. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही दोघं गुडघे दुमडून बसलो होतो. बाईंनी पारदर्शक फोल्डरमधून कागद काढला आणि पेन्सिलीने आकड्यांवर टिचकी मारत वाचलं: गणित 1, परिसर 3, जर्मन 4. म्हणजे 2.66. म्हणाल्या, तिच्यासाठी रेआलशुलं फार चांगली आहे. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, कारण जर्मन मला जास्त येत होतं. मी मान डोलावली आणि आभार मानले. शिक्षिकेला उलट काय विचारायचं, असं वाटलं. मे महिन्यात दाखल्यावर तेच आकडे आले.

दोन वर्षांनी एका पालकाकडून कळलं की ज्यांची मातृभाषा जर्मन नाही आणि ज्यांनी पहिलीपासून जर्मन शाळा केलेली नाही, अशा मुलांचं जर्मन भरून निघण्यासारखं असेल तर 3.33 पर्यंतही गिम्नाझियुमचा दाखला देता येतो. त्यांचा मुलगा 3.00 वर गेला होता. त्याचं जर्मन माझ्या मुलीहून कच्चं होतं. आम्हाला कोणी सांगितलं नाही, हे खरं. पण मी विचारलं नाही, हेही तितकंच खरं, आणि रात्री आठवतं ते हे दुसरं.

एकटेपणाचं तुम्ही विचारलेलं नाही. नोव्हेंबरात येतो, मार्चपर्यंत जातो.

मुलगी आता दहावीत आहे, खुशीत आहे, पुढे फाखओबरशुलंमधून, म्हणजे दहावीनंतरच्या व्यवसायाभिमुख शाळेतून, विद्यापीठापर्यंत जाण्याचा रस्ता तिला मोकळा आहे. मागच्या महिन्यात तिथला फॉर्म भरताना तिने सहज विचारलं, "आई, तू तेव्हा बाईंना काही म्हणाली होतीस का गं?" मी नाही म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि पुढचा रकाना भरायला लागली.

तुमचा मुलगाही इथे तिसरीतच बसेल. 3.33 हा आकडा लिहून ठेवा. पहिल्याच पालकभेटीत विचारा की ही सवलत त्याला लागू होईल का, आणि आलेलं उत्तर ईमेलने लेखी मागा. प्रश्न जर्मनमध्ये लिहून हवा असेल तर मला कळवा, मी त्याच दिवशी पाठवते.