माळ घातली, मासे सुटले. मग ताकद कुठे गेली?

"शाकाहार यांना मानवत नाही बहुतेक," भांडुपहून आलेल्या ताईंनी बसल्या बसल्याच सांगितलं. शेजारी त्यांचे यजमान, वय ४८, गळ्यात तुळशीची माळ. मूळचे मालवणकडचे, नोकरी फोर्टात. आषाढीला पंढरपुरात माळ घातली आणि मासे, मटण, अंडी एका दिवसात बंद झाली. चार महिन्यांत वजन ३ किलोंनी वाढलं. तरी दुपारी चारला हातपाय गळायचे, परतीच्या लोकलमध्ये उभं राहवायचं नाही. घरातली थोरली मंडळी म्हणत होती, अंडं तरी खा. काकांना एकच भीती होती: माळ उतरवावी लागेल का?

कोकणातल्या मासेखाऊ घरांतून हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. उत्तर देण्याआधी आम्ही मागच्या तीन दिवसांचं खाणं लिहून घेतो. काकांचं असं निघालं. सकाळी चहा-खारी. डब्यात चार चपात्या आणि बटाटा, दुधी नाहीतर तोंडली. चारला वडापाव. रात्री भात, पातळ वरण, पापड, लोणचं. तिन्ही दिवस तेच.

यातून मिळणारं प्रोटीन मोजलं तर जेमतेम ४० ग्रॅम भरतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या काकांना सुमारे ५८ ग्रॅम हवं. त्यातून हे ४० ग्रॅम बहुतेक गहू-तांदळातलं. धान्यात लायसिन हा प्रोटीनचा एक गरजेचा घटक (अमिनो आम्ल) कमी असतो, डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो. पूर्वी ही तूट बांगडा भरून काढायचा. आता बांगडा गेला आणि त्याच्या जागी चौथी चपाती आणि वडापाव आला. म्हणून वजन वाढलं, ताकद नाही.

ताईंची यात काही चूक नव्हती. अशा घरांना शाकाहार माहीत असतो तो श्रावणातला. त्या महिन्यात सगळं घर एकत्र पाळतं, बटाटा-भात-वरणावर दिवस निघून जातात आणि गणपती गेले की चुलीवर परत मासे येतात. काकांचंही श्रावणात उत्तम चाललं होतं. त्रास गणपतीनंतर सुरू झाला, कारण बाकीच्यांच्या ताटात माशांचं तिखलं आलं आणि काकांच्या ताटात तिखलं वजा जाता जे उरतं ते. महिनाभरासाठी बेतलेलं जेवण त्यांनी कायमचं धरलं होतं.

भरायची तूट १८ ग्रॅमची होती. ४० ग्रॅम सुक्या मटकीची उसळ सुमारे ९ ग्रॅम देते, ४० ग्रॅम फुटाणे ८ आणि वाटीभर दही ५. झालं काम. वडापावच्या जागी फुटाणे, बटाट्याच्या जागी उसळ.

ताई म्हणाल्या, "उसळ केली होती. यांना गॅस झाला आणि मटकीला वास आला, म्हणून सोडून दिली." बहुतेक घरांत गाडी इथेच अडते.

वासाचं कारण मुंबईची हवा. रात्री नवाला भिजवलेली मटकी सकाळी सहाला उपसायलाच हवी. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती बारा-चौदा तास पाण्यात राहिली तर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. उपसल्यावर दोनदा धुवायची आणि चाळणीत अर्धा तास पूर्ण निथळू द्यायची. पाणी राहिलं तर मोड बुळबुळीत होतात, पावसाळ्यात तर हमखास. मग सुती फडक्यात सैल बांधून त्याच चाळणीत ठेवायची, म्हणजे खालून हवा लागते. संध्याकाळपर्यंत मोड दिसतात. ते बोटभर लांब व्हायची वाट बघू नका, लगेच फ्रीजमध्ये टाका. तीन दिवस टिकतात.

गॅस होतो तो कडधान्यातल्या काही साखरांमुळे. त्या आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात. भिजवलेलं पाणी फेकलं की त्यातला काही भाग निघून जातो. आतड्यालाही सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून पहिले पंधरा दिवस अर्धीच वाटी, तीही मूग-मटकीची. चवळी आणि छोले त्यानंतर, राजमा सगळ्यांत शेवटी. राजमा कधीही अर्धाकच्चा खायचा नाही, त्यातल्या लेक्टिनने उलट्या होतात. भिजवून, पाणी बदलून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवायचा.

काळ्या वाटाण्यांबद्दलही ताईंची तक्रार होती: सहा शिट्ट्या झाल्या तरी टणकच राहतात. विचारल्यावर कळलं, आमसूल सुरुवातीलाच टाकत होत्या. आंबटामुळे कडधान्याचं साल मऊ पडत नाही. वाटाणे दहा-बारा तास भिजवायचे, पाच-सहा शिट्ट्यांनंतर मंद आचेवर दहा मिनिटं ठेवायचे, आणि आमसूल वाटप घातल्यावर. इतकं करूनही टणक राहिले तर वाटाणे जुने आहेत, दुकान बदला.

आता काकांचं खरं दुःख. ते प्रोटीनचं नव्हतं. "तोंडाला चवच राहिली नाही," असं ते हळूच म्हणाले. आमच्या मते याला कमी लेखू नये. लोक अशक्तपणामुळे जितके मागे फिरतात, त्याहून जास्त या एका वाक्यामुळे फिरतात. बांगड्याच्या तिखल्याची अर्धी चव तिरफळांत असते, आणि तिरफळ झाडावरचंच. पाच-सहा तिरफळं घ्या, आतली काळी बी काढून टाका, ती कडवट लागते. साल पाण्यात जरा चेचून मुगाच्या किंवा काळ्या वाटाण्याच्या आमटीत उतरवताना घाला. रविवारी सुरणाचे काप. हाताला तेल लावून सुरण सोलायचा, बोटाच्या पेराएवढे जाड काप करून मीठ आणि चार-पाच आमसुलं घातलेल्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळायचे. सुरणाची खाज त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांची, आंबटाने ती मरते. मग हळद, मालवणी मसाला, वरून रवा आणि तांदळाचं पीठ, तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस. नीरफणस मिळाला तर त्याचेही काप असेच, उकळायचीही गरज नाही.

मुलं मासे खाणारच आहेत, त्यांना अडवू नका, असं आम्ही सांगितलं. दोन स्वयंपाक करायचीही गरज नाही. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप एकच करायचं, आधी काकांची उसळ फोडणीला टाकायची, उरलेल्या वाटपात मासे. फक्त तवा, कालथा आणि तळणाचं तेल वेगळं. वाटप फ्रीजमध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, खोबरं खवट होतं.

एक गोष्ट मात्र स्वयंपाकघरात सुटणारी नव्हती. काका सहा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात आणि अलीकडे तळपायांना मुंग्या येतात, हे त्यांनी उठता उठता सांगितलं. अशा मुंग्या जीवनसत्त्व बी १२ कमी पडल्यानेही येतात, आणि ते वनस्पतींत नसतं. पण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, चार महिन्यांच्या शाकाहाराने तो आटत नाही. मेटफॉर्मिनने मात्र त्याचं शोषण हळूहळू घटतं. त्यांना रक्ततपासणी करून डॉक्टरांना भेटायला सांगितलं. बी १२ कमीच निघालं आणि गोळ्या सुरू झाल्या. हे मासे खातानाच कमी होत आलं असणार. अशा वेळी नुसतं दूध-दही वाढवून थांबू नये.

दही डब्यात नेलं की आंबट होतं, म्हणून ताईंना उलटी युक्ती सांगितली: सकाळी सातला छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात कोमट दूध आणि अर्धा चमचा विरजण. उकाड्याच्या दिवसांत ते कचेरीत टेबलावरच लागतं, एकच्या सुमारास ताजं दही तयार. जेवणात लिंबाची फोड हवीच, आणि चहा जेवणानंतर तासाभराने. लिंबाने कडधान्यातलं लोह जास्त शोषलं जातं, चहाने कमी.

दीड महिन्याने दोघं परत आले. चारचं गळून जाणं थांबलं होतं, वजन एक किलोने उतरलं होतं. माळ गळ्यातच होती. ताईंचा आता एकच प्रश्न उरला होता: एकादशी. महिन्यातले दोन दिवस नुसत्या साबुदाण्यावर जातात. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच. त्या दिवशी वरीचा भात, मूठभर शेंगदाण्यांची आमटी आणि वाटीभर दही घ्यायचं, रात्री राजगिऱ्याची भाकरी. आमटीचे दाणे आदल्या रात्री भिजवले तर मिक्सरमध्ये अगदी मऊ वाटले जातात.